चौघांतच पोकर खेळताना ‘आक्रमक खेळ’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागेत दर शनिवारी तुम्ही चौघं मित्र टेक्सास होल्डम (प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, असा पोकरचा प्रकार) खेळता, पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स. नऊ जणांच्या टेबलासाठी केलेला सुरुवातीच्या पानांचा तक्ता तुम्ही पाठ केलाय, चांगल्या पानांची वाट बघता, तरी दोन तासांत चिप्स झिजून जातात. आणि ज्याला विचारावं तो ‘आक्रमक खेळ’ म्हणून मोकळा होतो.

मीही सांगलीकर, आणि चार-पाच जणांच्या टेबलावरच जास्त खेळलेला. तुमचा तक्ता बरोबर आहे, फक्त तुमच्या टेबलाचा नाही. नऊ जण असतात तेव्हा लहान आणि मोठा ब्लाइंड (पानं बघण्याआधीच सक्तीने लावायच्या चिप्स) नऊ डावांतून एकदा अंगावर येतो. चौघांत तो दर चार डावांनी दारात उभा. ब्लाइंड ५०-१०० धरा. छत्तीस डाव झाले की नऊ जणांत तुमचे ६०० गेलेले असतात, चौघांत १३५०. ५००० घेऊन बसला असाल तर पाव ढिगापेक्षा जास्त माल काही न खेळता गेला. आता तक्त्यातली भारी पानं बघा: एक्के, राजे, राण्या, गुलाम यांच्या जोड्या आणि एक्का-राजा. दोन पानांच्या एकूण जुळण्या १३२६, त्यातल्या या फक्त ४०. म्हणजे सरासरी तेहेतीस डावांत एकदा. त्यांच्यासाठी थांबलात तर त्या येईपर्यंत बाराशेच्या वर चिप्स ब्लाइंडात जातात. आणि आल्यावर तुम्ही रेज करताच (रक्कम वाढवताच) तिघंही पानं टाकतात, कारण तासाभरात तुम्ही पहिल्यांदाच तोंड उघडलेलं असतं. हाती येतात दीडशे.

दुसरी बाजू अशी की समोर माणसं कमी असली की समोरची पानंही हलकी असतात. ‘दहात एक’ या दर्जाची, म्हणजे दहा डावांत एकदाच येतील इतकी चांगली पानं घ्या. तुमच्या मागे आठ जण असतील तर त्यांच्यापैकी एकाकडेही तशी पानं नसण्याची शक्यता ४३ टक्के. तिघंच असतील तर ७३. म्हणून एक्का-आठ किंवा राजा-दहा ही नऊ जणांत टाकून द्यायची पानं चौघांत चक्क पुढारी असतात. आक्रमक खेळाचा पाया एवढाच आहे. छाती पुढे काढून ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) म्हणण्याशी त्याचा संबंध नाही.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, नुसता कॉल करून, म्हणजे आधी लागलंय तेवढंच भरून, आत शिरणं बंद करा. खेळायचं तर रेज करायचं, नाहीतर पानं टाकायची. नुसता कॉल केलात की मोठ्या ब्लाइंडवाल्याला फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) फुकट बघायला मिळतो आणि जागच्या जागी डाव जिंकायची संधी तुम्ही स्वतःच घालवता. हे माझं एकट्याचं मत आहे असं नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दोघांच्या लिमिट होल्डमचा (यात लावायची रक्कम ठरलेली असते) जवळजवळ संपूर्ण उलगडा करणारा ‘सेफियस’ नावाचा प्रोग्रॅम केला. तो बटणावरून (वाटणाऱ्याच्या जागेवरून) नुसता कॉल करून जवळजवळ कधीच आत येत नाही. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन आणि फेसबुकच्या ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याचाही निष्कर्ष तोच, अपवाद फक्त लहान ब्लाइंडचा.

रेज किती? अडीच मोठे ब्लाइंड पुरेत, म्हणजे २५०. आमच्याकडे चारशे-पाचशे फेकायची हौस असते, तिची गरज नाही. बटणावरून २५० लावून तुम्ही मधले १५० मागताय. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी आठपैकी पाच वेळा पानं टाकली तर तुमच्या हातात कुठलीही पानं असोत, तोटा नाही. शिवाय कुणी कॉल केलाच तर तुमची पानं काही मेलेली नसतात, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्ही सगळ्यात शेवटी बोलता. समोरच्याने काय केलं ते बघून मग ठरवायचं, ही सवलत चौघांच्या टेबलावर सोन्यासारखी आहे.

बटणावर कुठली पानं खेळायची ते सांगतो. कुठलीही जोडी. कुठलाही एक्का. दहा आणि त्यावरची कुठलीही दोन. एका रंगाची असतील तर राजासोबत काहीही. आणि एका रंगाची लागोपाठची, दहा-नऊपासून सहा-पाचपर्यंत. एवढं धरलं की एकूण पानांतला एक तृतीयांशाच्या आसपासचा भाग होतो. ब्लाइंडवाले दोघं भित्रे असतील तर निम्म्यापर्यंत जा. बटणाच्या आधीच्या खुर्चीवरून, म्हणजे चौघांत सर्वांत आधी बोलणाऱ्याने, चौथाई पानांवर थांबावं. लहान ब्लाइंडमध्ये मात्र हात आखडता घ्या. अर्धे पैसे भरलेत म्हणून उरलेले अर्धे भरून ‘बघूया’ म्हणायची फार ओढ होते, पण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी तुम्हालाच बोलायचंय.

फ्लॉपवर काय? बिनजोडीच्या दोन पानांना फ्लॉपवर जोडीसुद्धा लागत नाही असं तीनपैकी दोन वेळा होतं. हे तुम्हाला लागू आहे तसंच समोरच्यालाही. त्यामुळे रेज तुम्ही केलं होतं आणि कॉल करणारा एकच आहे, तर फ्लॉपवर पॉटच्या (मधे जमलेल्या चिप्सच्या) एक तृतीयांशाएवढी बेट पुष्कळदा पुरते. ती चारात एकदा चालली तरी खर्च निघतो. पण डोळे मिटून प्रत्येक फ्लॉपवर लावू नका. एक्का-सात-दोन असा तीन रंगांचा सुका फ्लॉप आला तर लावा, कारण एक्का तुमच्याकडे असावा असंच त्याला वाटणार. नऊ-आठ-सात आणि त्यात दोन बदाम असला ओला फ्लॉप ब्लाइंडवाल्याच्या पानांना जास्त मानवतो, तिथे हातात काही नसेल तर गप्प चेक करा, म्हणजे काही न लावता पुढे द्या.

एक डाव दाखवतो, आमच्याच टेबलावरचा. मी बटणावर, हातात बदाम गुलाम आणि बदाम नव्वी. रेज २५०. लहान ब्लाइंड गेला, मोठ्याने कॉल केला. पॉट ५५०. फ्लॉप बदाम राजा, किलवर सत्ती, बदाम तिर्री. मला काहीच लागलेलं नाही, पण आणखी एक बदाम आला की फ्लश (एकाच रंगाची पाच पानं). त्याने चेक केलं, मी ३०० लावले, त्याने कॉल केला. पॉट ११५०. टर्नला, म्हणजे टेबलावरचं चौथं पान, चौकट दश्शी. वरवर बघाल तर माझ्यासाठी कोरडं पान. पण आता राणी आली तरी माझा स्ट्रेट (लागोपाठची पाच पानं) होतो आणि अठ्ठी आली तरी होतो. नऊ बदाम, त्याखेरीज तीन राण्या आणि तीन अठ्ठ्या, अशी पंधरा पानं माझी. उरलेल्या ४६ मधली पंधरा, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. त्याने पुन्हा चेक केलं. मी ८०० लावले.

या आठशेचा हिशेब महत्त्वाचा आहे. नुसती थाप (ब्लफ) असती तर शंभरपैकी ४१ वेळा त्याने पानं टाकायला हवी होती. पंधरा पानं पाठीशी असताना तेवढ्याचीही गरज उरत नाही. तो बराच वेळ चिप्स चाळवत बसला, मग इस्पिक एक्का आणि इस्पिक सत्ती उघडी करून फेकली, ‘तुझ्याकडं राजा हाय’ म्हणत. त्याची सत्तीची जोडी माझ्यापुढे होती. (कॉल केला असता तर गंमत अशी की मला नुसता गुलाम किंवा नव्वी लागली तरी चाललं असतं. पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं आणि त्याला तर नाहीच.) ‘आक्रमक’ म्हणतात ते हेच. दोन वाटांनी जिंकता येईल अशी बेट लावायची: एक तर समोरचा जातो, नाहीतर आपलं पान येतं. नुसता कॉल करणाऱ्याकडे एकच वाट असते.

आता खरा पेच. वरचं सगळं पानं टाकणाऱ्या माणसासमोर चालतं. आपल्याकडच्या घरगुती टेबलावर एक तरी गडी असा असतोच, जो भडंगाचा बकाणा भरत ‘काय हाय बघू की’ म्हणत रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पानापर्यंत) येतो. तुमच्याकडे तो कोण हे तुम्हाला वाचता वाचताच आठवलं असेल. त्याच्यापुढे थाप मारणं म्हणजे चिप्स दान करणं. त्याच्याविरुद्धही आक्रमकच खेळायचं, पण खऱ्या पानांवर. राजा-नऊ हातात आहे, फ्लॉपवर राजा आला, तर फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही ठिकाणी लावा, आणि थोडं जास्तच लावा, पॉटच्या दोन तृतीयांशापर्यंत. आपले लोक नेमकं उलटं करतात. चांगली पानं आली की दबून बसतात, ‘पळून जाईल’ म्हणून, आणि काही नसलं की जोर करतात. जो कॉल करणारच आहे त्याला जाळ्यात ओढायची नाटकं कशाला? आणि हाच माणूस कधी नव्हे ते स्वतःहून रेज करायला लागला, तर एक जोडी घेऊन हिशेब मांडत बसू नका. टाका.

सांगली तशी बुद्धिबळाचं गाव. नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, स्वाती घाटे इथल्या. त्यामुळे आपल्या टेबलांवर बुद्धिबळाची सवय असलेले बरेच भेटतात, आणि त्यांना प्रत्येक स्थितीत एकच बरोबर चाल हवी असते. इथे ती मिळत नाही. त्याच पानांवर, त्याच फ्लॉपवर कधी बेट आणि कधी चेक, दोन्ही बरोबर असू शकतं, कारण तुम्ही नेहमी एकच करत राहिलात तर समोरचा वाचतो. फॉन न्यूमन या गणितज्ञाने पोकरचं एक साधं गणिती रूप मांडलं होतं. त्यात आधी बोलणारा सर्वांत चांगल्या पानांवर बेट लावतो आणि सर्वांत वाईट पानांवरही, पण मधल्या पानांवर चेक करतो. रिव्हरवर हे फार उपयोगी पडतं. मधली जोडी असेल तर उघडी करून बघण्यात शहाणपण आहे, तिच्यावर बेट लावलीत तर तुमच्याहून चांगला तेवढा कॉल करतो आणि वाईट तेवढा जातो. थाप मारायचीच असेल तर ज्या पानांनी एरवी जिंकायची आशाच नाही, त्यांवर मारा.

तुम्ही मोठ्या ब्लाइंडवर आहात आणि बटणवाला दर खेपेला रेज करतोय, असं झालं की नुसतं सहन करू नका. मधूनमधून उलटा रेज करा, त्याच्या २५० वर हजारापर्यंत. त्यासाठी एका रंगाचा एक्का-पाच हे मला आवडतं पान आहे. तुमच्या हातात एक एक्का असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या जुळण्या सहावरून तीनवर येतात, आणि एक्का-राजाच्या सोळावरून बारावर. ज्यांची भीती वाटावी तीच पानं त्याच्याकडे असण्याची शक्यता तुम्ही अडवलेली असते.

पैसे लावत नाही म्हणालात ते उत्तमच, तसंच ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात पोकरही आलं. घरात पत्ते मांडून पैसे लावाल तर १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहेच. पण बिनपैशाच्या खेळात एक अडचण येते: चिप्स संपल्या की पुन्हा घेता येत असतील तर कुणालाच पानं टाकावीशी वाटत नाहीत, आणि मग थाप हा प्रकारच खेळातून जातो. त्यावर आमच्याकडे केलेला उपाय सांगतो. प्रत्येकाला एकदाच ५००० चिप्स, दुसऱ्यांदा नाहीत. दर वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढवायचे. जो आधी बाद होईल त्याने बाकीच्यांसाठी चहा टाकायचा आणि पत्ते वाटत बसायचं. कोण कितवा आला ते वहीत लिहायचं. एवढ्यावर माणसं राजाच्या जोडीवरसुद्धा विचार करायला लागतात.

आणि ब्लाइंड वाढून तुमच्याकडे दहा मोठ्या ब्लाइंडांएवढ्याच चिप्स उरल्या, तर वरचं फ्लॉप-टर्नचं सगळं विसरा. तिथे अडीचपट रेज करून मग पानं टाकणं परवडत नाही. जोडी, एक्का किंवा दोन चित्रं आली आणि तुमच्याआधी कुणी रेज केलेलं नसलं तर सरळ ऑल-इन, नाहीतर फोल्ड, म्हणजे पानं टाकायची.

शेवटी दोघंच उरतात तेव्हा एक नियम बहुतेक घरगुती टेबलांवर चुकीचा खेळला जातो, तो तपासून घ्या: लहान ब्लाइंड बटणवाल्याने भरायचा. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. तिथे बटणावर निम्म्याहून जास्त पानं रेज करून खेळा, मोठ्या ब्लाइंडवर नुसती जोडी लागली तरी ती भारी समजा, आणि समोरचा सलग रेज करतोय म्हणून चिडू नका. त्याने तसंच खेळायला हवं.