पगार वाढला, तरी कामात मन का लागत नाही?

"पगार चांगला, साहेब समजूतदार, माणसंही बरी. तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. माझंच काही बिनसलंय का?" असं विचारणाऱ्या बाई एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). घरच्यांच्या मते त्यांना सुख बोचत होतं.

अशा वेळी आधी पाहायचं ते हे, की उदासी कामापुरतीच आहे की सगळीकडे पसरली आहे. झोप, भूक, आवडीच्या गोष्टी यांवर 2 आठवडे किंवा जास्त परिणाम असेल तर आधी डॉक्टर, नोकरीचा विचार नंतर. यांचा शनिवार मजेत जात होता.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांची 1959ची मांडणी इथे कामी येते. पगार, वरिष्ठ, सोयी यांत खोट असली की असमाधान वाढतं, पण ती खोट भरून निघाली म्हणून समाधान येतंच असं नाही. ते प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून येतं. या मांडणीवर टीकाही पुष्कळ झाली. काहींना पगारच सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि त्यात कमीपणा कसला?

मग बाईंना कामातून नेमकं काय हवंय ते शोधायला मी 20 चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या, प्रत्येकीवर एक गोष्ट : स्वातंत्र्य, स्थैर्य, मान, शिकायला मिळणं वगैरे. त्यांतल्या 5 निवडायच्या. गडबड हमखास इथेच होते, कारण माणसं शोभेल तेच उचलतात. बाईंनीही 'समाजसेवा' सगळ्यांत वर ठेवली. म्हणून प्रत्येक चिठ्ठीमागे गेल्या वर्षातला एक प्रसंग मागायचा, ज्यात त्या गोष्टीपायी वेळ, पैसा किंवा कुणाची मर्जी गमावली. समाजसेवेचा एकही आठवेना. 'हातातलं काम तडीस नेणं' याचे मात्र भराभर निघाले.

पुढचे 10 कामाचे दिवस ऑफिस सोडण्याआधी 3 ओळी लिहायच्या होत्या : जीव कुठे रमला, कुठे वैतागला, तिथला निर्णय कुणाच्या हातात होता. (रात्री घरी लिहिलं की दिवसाचा थकवा सगळ्याच नोंदींत उतरतो.) वैताग जवळजवळ दर वेळी एकाच जागी निघाला. बढतीनंतर कॉल ठरावीक मिनिटांत आटपून तक्रार पुढच्या टीमकडे ढकलायची होती, ग्राहकाचं शेवटी काय झालं ते कळतच नव्हतं. आधीच्या कमी पगाराच्या जागेवर तक्रार सुरुवातीपासून मिटेपर्यंत त्यांच्याकडेच असे. हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी 1976मध्ये मन रमवणाऱ्या कामाचे जे 5 गुण सांगितले, त्यांत काम अथपासून इतिपर्यंत आपल्या हातात असणं हाही एक आहे. बढतीनं नेमकं तेच काढून घेतलं होतं.

"मला समाधान नाही" असं साहेबांना सांगून भागत नाही, त्यांच्या हाती करण्यासारखं काही लागत नाही. बाईंनी मागितलं ते असं : परत आलेल्या तक्रारी आठवड्यातला एक दिवस शेवटपर्यंत मी हाताळते, 6 आठवडे करून पाहू, त्यांतल्या पुन्हा किती येतात ते मोजू. अर्धा दिवस मिळाला. रविवारची धास्ती कमी झाली, गेली नाही. उरलेले साडेचार दिवस मिनिटांचं टार्गेट आहेच.

मात्र ग्राहकाला खोटं सांगण्याचाच दबाव असेल तर असल्या डागडुजीत वेळ घालवू नये. हाताशी किती महिन्यांचा खर्च आहे आणि नोटीस पिरियड किती, हे पाहून दुसरीकडे मुलाखती सुरू कराव्यात. तिथे "वातावरण कसं आहे?" विचारलं की गुळगुळीत उत्तर मिळतं. "एक तक्रार आली की ती कुणाकुणाच्या हातून जाते?" असं विचारावं.