अपडेटनंतर वायफाय गेलं म्हणून फॉरमॅट करू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई घणसोलीला राहतात, घरी शिकवणी घेतात. त्यांचा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घातली. आतलं वायफाय आधीपासूनच बंद होतं, त्यामुळे स्टेशनजवळून यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय यंत्र) आणलं आणि भाच्याने इंटरनेटवरून ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्राम) उतरवून ते चालू करून दिलं. आता अपडेट केल्यावर डोंगल बंद पडलंय. या मंचावर मदत मागितली तेव्हा एकाने 'आधी ही ही माहिती द्या' म्हणून मोठी यादी दिली, दुसऱ्याने 'शोधा, सापडेल' एवढंच लिहिलं. दुकानदार फॉरमॅट मारून विंडोज टाकू म्हणतोय. मुलांच्या प्रश्नपत्रिका त्याच मशीनवर आहेत. ताईंचा प्रश्न असा की फुकट मदत करणाऱ्या अनोळखी माणसांच्या नादी लागावं, की सरळ दुकानात द्यावं?

फॉरमॅट करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या फायली जागच्या जागी आहेत आणि डोंगलही बहुतेक धडधाकट आहे. आज रात्री फक्त एवढं करा. लॅपटॉप सुरू करा, कंपनीचं चिन्ह गेलं की लगेच एकदा एस्केप दाबा. मशीन फारच जुनं असेल तर सुरुवातीपासून शिफ्ट दाबून धरा. काळ्या पडद्यावर एक मेनू येईल, त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असेल. आत गेलात की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आवृत्त्या एकाखाली एक दिसतील, नवी सगळ्यांत वर. तिच्या खालची जुनी आवृत्ती निवडा, पण जिच्यापुढे 'रिकव्हरी मोड' लिहिलंय ती नको. मशीन त्या कर्नलवर सुरू झालं आणि वायफाय लागलं, तर अर्धं काम झालं. याने काहीही पुसलं जात नाही. पुढच्या वेळी मशीन नेहमीसारखंच नव्या कर्नलवर सुरू होईल.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या अपडेटची भीती वाटणार नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असतात. जे नसतात ते बाहेरून आणून त्या त्या कर्नलसाठी बांधून घ्यावे लागतात. भाच्याने बांधलेला ड्रायव्हर त्या दिवशी मशीनवर जो कर्नल होता त्याचा. अपडेटने नवा कर्नल आणला आणि त्याच्यासाठी ड्रायव्हर कोणी बांधलाच नाही. डीकेएमएस नावाची सोय हे काम प्रत्येक नव्या कर्नलबरोबर आपोआप करते, पण त्यासाठी ड्रायव्हर तिच्याकडे नोंदवलेला लागतो आणि नव्या कर्नलच्या हेडर फायली, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणारी त्याची माहिती, मशीनवर लागतात. यातलं एक जरी नसलं तरी वायफाय गेलं. शिवाय सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी मशीनची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर व्यवस्थित बांधला जाऊनही त्याची सही मशीनमध्ये नोंदलेली नसते म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही. तिन्ही वेळा तुम्हाला समोर दिसणार एकच, वायफाय नाही. उपाय मात्र तीन वेगळे. पहिल्या सदस्याने यादी मागितली ती यासाठी. ती टाळाटाळ नव्हती.

जुन्या कर्नलवरही वायफाय लागलं नाही, तर तेही इथे लिहा. त्या उत्तराने सुद्धा आम्हाला निम्म्या शक्यता खोडता येतात.

तोवर नेटचं काय, तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो केबलने जोडलेल्या नेटसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वायफाय दुरुस्त करायला नेट लागतं आणि नेटला वायफाय, या पेचातून याने सुटका होते.

आता डोंगलबद्दल. डब्यावर लिहिलेलं नाव आमच्या फार उपयोगाचं नसतं. एकाच नावाने, एकाच मॉडेल क्रमांकाने विकलेल्या डोंगलांमध्ये कधी एका कंपनीची चिप असते, कधी दुसऱ्या. ड्रायव्हर चिपचा असतो, डब्याचा नव्हे. चिपची ओळख म्हणजे चार अक्षरांच्या दोन गटांचा एक क्रमांक, मधे विसर्गासारखी दोन टिंबं (:), आणि तो मशीन स्वतःच सांगतं. मिंटमध्ये 'सिस्टिम रिपोर्ट्स' नावाचं साधन आहे (अगदी नव्या मिंटमध्ये त्याचंच नाव 'सिस्टिम इन्फर्मेशन' झालंय), त्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि तिथली सगळी माहिती कॉपी करून इथे टाका. मशीनचा प्रोसेसर, कर्नल, वायफायची चिप, सगळं त्यात येतं. तिथे डोंगल वायफाय म्हणून न दिसता चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून दिसलं, तर घाबरू नका. विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन येणारी काही डोंगलं सुरुवातीला स्वतःची ओळख तशीच करून देतात, त्यांना दुसऱ्या रूपात ढकलायची सोय लिनक्समध्ये आहे.

आणखी एक शक्यता आहे आणि ती मला सगळ्यांत आवडेल. कर्नल ६.२ पासून रिअलटेक कंपनीच्या काही यूएसबी वायफाय चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आलेत. तुमची चिप त्यांतली असेल तर भाच्याने आणलेला ड्रायव्हर काढून टाकणं हाच उपाय ठरेल, मग पुढच्या अपडेटला हा त्रासच नाही. पण चिपचा क्रमांक पाहिल्याशिवाय असं सांगणं म्हणजे तुमच्या मशीनवर प्रयोग करणं, ते मी करणार नाही.

'शोधा, सापडेल' या उत्तराबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. ते उत्तर चुकीचं होतं. ज्याला कर्नल हा शब्दच माहीत नाही त्याने काय शोधायचं? 'वायफाय चालत नाही' एवढं शोधलं तर दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांवरचे उपाय वर येतात, आणि ते आजच्या मशीनवर मारले की मूळचा बिघाड बाजूला राहून दुसरेच उभे राहतात. ज्याला वेळ नाही त्याने गप्प राहावं, त्यात काही गैर नाही. सगळेच आपापली नोकरी, घर, लोकलचा प्रवास सांभाळून इथे येतात. पण उत्तर द्यायला बसलो तर समोरच्याला एक तरी पाऊल पुढे न्यायला हवं.

माहिती मागणाऱ्यांची बाजू मात्र मी पूर्ण घेईन. मशीन तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर नाही. ठाण्यात, कळव्यात, नेरुळला बसलेल्या माणसाला तुमच्या पडद्यावर काय आहे ते तुम्ही लिहाल तेवढंच दिसतं. एका कॉलेजच्या मुलाचा प्रश्न मला नेहमी आठवतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर घड्याळ चुकत होतं. दुकानात मदरबोर्डचा सेल बदलून झाला, तरी तेच. 'घड्याळ चुकतंय' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येईना. किती चुकतंय असं विचारलं, तर म्हणाला लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की बरोबर साडेपाच तास मागे. त्या साडेपाच तासांत सगळं उत्तर होतं. मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक प्रमाण वेळ, आणि भारताची वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटं. एका आज्ञेत काम झालं. सेल कधी बिघडलाच नव्हता.

तसंच पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज जाते, डेस्कटॉप पटकन बंद पडतो, आणि मग 'काहीच इन्स्टॉल होत नाही, एरर येतोय' असे प्रश्न येतात. तो एरर नीट वाचला तर त्यातच लिहिलेलं असतं की पॅकेजांचं काम मधेच तुटलंय, अमुक आज्ञा चालवा. उपाय त्या वाक्यातच असतो. म्हणून संदेश आपल्या शब्दांत सांगू नका, जसाच्या तसा टाका, इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. कॉपी करणं जमत नसेल तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढा, पण अक्षरं वाचता येतील असा, आणि पूर्ण. लोक नेमकी शेवटची ओळ कापतात, बिघाड अनेकदा तिथेच लिहिलेला असतो. आणि शेवटी काय बदललं होतं ते सांगा. तुम्ही अपडेट आणि डोंगलचा बाहेरचा ड्रायव्हर दोन्ही लिहिलंत, त्यामुळेच मला इतकं ठामपणे बोलता येतंय.

भरवशाचं म्हणाल तर तुमची शंका योग्य आहे. इथे कोणीही कोणाला ओळखत नाही. म्हणून माझा नियम असा की आज्ञा काय करते ते सांगितल्याशिवाय कोणी ती चालवायला सांगितली, तर चालवायची नाही, आधी विचारायचं. विचारल्यावर चिडला तर त्याचं ऐकू नका. पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही. 'तुमच्या मशीनचा ताबा द्या, मी इथून करतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला ताबा द्यायचा नाही. माहिती टाकताना मशीनचा सीरियल नंबर आणि घरच्या वायफायचं नाव पुसा. सल्ला उघड्यावर दिलेला असतो हीच तुमची सुरक्षा. चूक असेल तर दुसरा कोणी तासाभरात टोकतो. खासगी निरोपात दिलेल्या उपायाला ही सोय नाही, म्हणून मी खासगीत उत्तरं देत नाही, इथेच देते.

ही पद्धत आजची नाही. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम (तीच पुढे लिनक्स झाली) करतोय असं जाहीर केलं, तेव्हा त्यानेही लोकांना काय हवंय असं विचारलंच होतं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पाने १९९७ मध्ये वापरणाऱ्यांना जे लेखी वचन दिलं, त्यात अडचणी लपवणार नाही, बिघाडांच्या सगळ्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवू, असं स्वच्छ लिहिलंय. मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर. म्हणजे तुमच्या मशीनच्या मुळाशी त्याच वचनाचा वारसा आहे.

आणि तुमच्यासारख्यांच्या तक्रारींनी काय होतं, त्याचं वायफायचंच उदाहरण देते. डेबियन घालताना अनेक लॅपटॉपांचं वायफाय चालत नसे, कारण त्या चिपांचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) मुक्त नाही आणि डेबियनचा अधिकृत इन्स्टॉलर ते सोबत देत नसे. वर्षानुवर्षं नवी माणसं तिथेच अडकत. प्रश्न तत्त्वाचा होता, त्यामुळे वाद खूप झाला. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत द्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागलं. तत्त्वाचे आग्रही लोक अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं मला कळतं. पण शिकवणीच्या मशीनवर वायफाय लागणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऐरोली, महापेच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांतले बरेच विंडोज ११ ला चालत नाहीत. अशा मशीनवर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की मिंट छान चालतं. मात्र लिनक्सवर येण्याआधी एक गोष्ट तपासा. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या इथे रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतील. तो लिनक्सचा बिघाड नाही. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं नसतातच, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. रूपांतर करून घेता येतं, ते वेगळं विचारा. नवीन टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलकही आहे आणि इंग्रजी कळफलकावरून उच्चाराप्रमाणे लिहायची सोयही. आणि थोडं मुळापासून शिकावंसं वाटलं तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे धडे मराठीत ऐकता येतात.

दुकानदारावर राग धरू नका. त्याच्यासाठी फॉरमॅट हे तासाभराचं ठरलेलं काम आहे, शोध घ्यायला त्याला परवडत नाही. हार्डवेअर खरंच गेलं असेल तर आपण त्याच्याकडेच जाणार आहोत.

वायफाय लागलं की कशाने लागलं ते चिपच्या क्रमांकासकट इथे लिहा. 'झालं, धन्यवाद' एवढ्यावर सोडू नका, कारण पुढच्या माणसाला त्या धन्यवादाचा काहीच उपयोग होत नाही. तुमचं डोंगल ज्या दुकानातून आलं तिथून आणखी कितीतरी जणांनी तेच नेलं असेल. त्यांतला कोणी इथे आला तर त्याला तुम्हीच उत्तर द्या. एका चिपबद्दल का होईना, तुम्ही स्वतः करून पाहिलेलं असेल, आणि तेवढं पुरतं. माझीही सुरुवात अशाच एका प्रिंटरच्या उत्तराने झाली होती.

कर्नल बदलण्याच्या भानगडीत पडण्याआधी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू असेल तरी त्यावर विसंबू नका. ते सिस्टिमच्या फायली जपतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या नाही, तसं मुद्दाम सांगितल्याशिवाय. मग जुना कर्नल, मग सिस्टिम रिपोर्ट, याच क्रमाने. मी रात्री दहानंतर बघते. त्याआधी कोपरखैरण्याचे एक जण बहुतेक उत्तर देतील, डोंगलांच्या बाबतीत त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.