साखर वाढते रक्तात, इजा धमन्यांना का?

प्रश्न : माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. कोलेस्टेरॉल मर्यादेत असूनही डॉक्टरांनी त्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सुरू केली. साखरेचा आणि हृदयाच्या धमन्यांचा काय संबंध?

उत्तर : धमनीला आतून पेशींच्या जेमतेम एका थराचे अस्तर असते. त्यातून स्रवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे धमनी सैल राहते आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तिला चिकटत नाहीत. या पेशींत ग्लुकोज इन्सुलिनवाचूनही शिरते. त्यामुळे रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की त्यांच्यावर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, नायट्रिक ऑक्साइड घटते आणि अस्तर गळके व चिकट बनते. मग एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण त्याखाली शिरून बिघडतात, ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच अडकतात आणि पुटे धरू लागतात. मधुमेहात एलडीएलचे कण बहुधा लहान व दाट असतात, आणि रिपोर्टमधल्या आकड्यावरून हे कळत नाही. म्हणूनच वडिलांना दिलेली गोळी मला योग्य वाटते. ती आपल्या मनाने बंद करू नये.

साखरेवरील नियंत्रणाचे फळ मात्र उशिरा दिसते. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ४२ टक्क्यांनी कमी असल्याचे २००५ मध्ये, म्हणजे चाचणी संपल्यावर बारा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. वडिलांचा मधुमेह बहुधा टाइप २ असेल. त्यात रक्तदाब आणि धूम्रपान यांकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते.