टाळूवरच्या पुळ्या, पू आणि कायमचं टक्कल

प्रश्न : वय ३४. सातपूर एमआयडीसीत काम, दिवसभर हेल्मेट. दीड वर्षापासून टाळूवर पुळ्या येतात, पू वाहतो, खपली पडली की तिथे गुळगुळीत टक्कल. कडेला एकाच छिद्रातून आठ-दहा केस. मेडिकलमधलं मलम, कांद्याचा रस, दोनदा पाच-पाच दिवस अँटिबायोटिक, सगळं झालं. डॉक्टरांना 'फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स'चा (केसांची मुळं सुजून कायमचं टक्कल पाडणारा रोग) संशय आहे. केस परत येतील का? ट्रान्सप्लांट करू का? मुलाला लागेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गुळगुळीत झालेल्या जागी केस येणार नाहीत. तिथलं केसाचं मूळच सुजून नष्ट झालंय. उपचार करायचे ते उरलेल्या केसांसाठी, म्हणून घाई हवी.

आधी बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं. ४ मिलिमीटरचा हा तुकडा (पंच) लाल, केस असलेल्या कडेवरूनच घ्यायला सांगा. टकलातून घेतला तर अहवालात नुसता 'व्रण' येतो आणि पैसे वाया जातात. ताज्या पुळीतल्या पुवाचं कल्चर (कोणते जंतू आहेत याची तपासणी) अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्या. बुरशीचीही तपासणी हवी, कारण मेडिकलमधल्या मलमात स्टेरॉइड असेल तर डोक्यातला नायटा त्याखाली लपतो. खर्चाची अडचण असल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात चौकशी करा.

सुरुवात बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅने होते, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि काही महिने. पाच दिवसांत पू आटतो, रोग तसाच राहतो; तुमचं दोनदा नेमकं हेच झालं. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या, अर्धा तास आडवं होऊ नका. दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हात टोपी घाला.

एवढ्याने भागलं नाही तर रिफॅम्पिसिन ३०० मिग्रॅ आणि क्लिंडामायसिन ३०० मिग्रॅ, दोन्ही दिवसातून दोनदा, १० आठवडे. रिफॅम्पिसिन एकटं कधीच नको, जंतू लवकर निर्ढावतात. शिवाय ते टीबीचं मुख्य औषध आहे. अंगात टीबी दडलेला असताना ते असं अर्धवट दिलं, तर पुढे टीबीच औषधाला दाद देत नाही. म्हणून आधी टीबी नसल्याची खात्री आणि लिव्हरची रक्ततपासणी. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. रक्त पातळ करण्याच्या, मधुमेहाच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर मात्र कमी होतो, तेव्हा चालू औषधं डॉक्टरांना सांगा. क्लिंडामायसिनने जुलाब लागले तर गोळी थांबवून त्यांना लगेच कळवा.

चिवट रोगात आयसोट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातलं औषध) देतात; ते डॉक्सिसायक्लिनबरोबर घेऊ नये, डोक्याच्या आतला दाब वाढू शकतो. कडेच्या सुजेला ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं उपयोगी पडतात.

कांद्याचा रस बंद करा. लासलगावचा असला तरी सुजलेल्या कातडीला तो झोंबतोच. हेल्मेटमुळे रोग झालेला नाही, पण आतली पट्टी घामाने भिजते, ती वरचेवर धुवा.

ट्रान्सप्लांट आत्ता नको, कुणी कितीही स्वस्त पॅकेज देवो. औषधं थांबून वर्ष-दोन वर्षं एकही नवी पुळी आली नाही, तरच विचार करा. तरीही लावलेले केस टिकण्याची हमी नसते.

मुलाला हा रोग लागत नाही. पुवात जंतू असतात, म्हणून टॉवेल, उशीची खोळ आणि कंगवा तेवढा वेगळा ठेवा.