कॉलनीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी शेजाऱ्यांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय की कॉलनीत बरीच वयस्कर मंडळी एकटी राहतात, मुलं बाहेरगावी, तर सुरुवात कुठून करायची. आमच्याकडे इंदूरला, लोकमान्यनगरात, हेच चित्र आहे.

माझं मत विचाराल तर कॅमेरे आणि चौकीदार नंतर. आधी रोज सकाळी प्रत्येकाची कुणीतरी खबर घेतंय एवढं पक्कं करा. पडलेलं माणूस तासन्‌तास तसंच राहिलं की दुखणं फार वाढतं.

इंदुरात त्यासाठी आयती सोय आहे. कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत दारोदार येते, ओला-सुका कचरा घेऊन सगळे बाहेर येतात. ज्या घरून डबा आला नाही त्या घरची बेल समोरच्यांनी वाजवायची, असं आमच्या गल्लीत ठरलंय. एकदा समोरच्या काकू आल्या नाहीत. फोनही उचलेनात. किल्ली शेजारी होती म्हणून आत जाता आलं. काकू बाथरूममध्ये पडलेल्या, आतून कडी, आणि दार आत उघडणारं. त्या दारालाच अडकून पडलेल्या. शेवटी खिडकीची जाळी काढून गल्लीतल्या एका मुलाला आत उतरवलं. मांडीचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन चालतात.

तेव्हा जास्तीची किल्ली शेजारी हवीच. बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा आणि कडीच्या जागी बाहेरूनही उघडेल असं लॅच लावा. कमोडजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा, रबरी मॅट, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा. सुतार आपणच घेऊन जा. "बघू पुढे" म्हणत ही माणसं स्वतःसाठी काही करत नाहीत. कुणी किल्ली द्यायला नाही म्हटलं तर रागावू नका. आमच्या एका आजोबांना आम्ही गल्लीची यादी सांभाळायला दिली, कुणाचे डॉक्टर कोण, गोळ्या कुठल्या, मुलांचे नंबर काय. मग त्यांनी आपली किल्लीही दिली.

दुसरी धास्ती फोनची. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट' केल्याचं सांगतात आणि कुणाशी बोलू नका म्हणून दटावतात. असली अटक कायद्यात नाहीच, हे प्रत्येकाला घरी बसून समजावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितकी घाई कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

घरचेच छळत असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने एसडीएमच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्जही करता येतो. मुलांच्या नावे घर करून देणाऱ्यांना मात्र आधीच सांगा, आपल्याला सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं.

आणि सत्तरी गाठलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, काढून द्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल घेऊन कॉलनीतला एखादा कॉलेजचा मुलगा बसला तर एका दुपारी बऱ्याच जणांचं काम होईल.