गुठळी नळीमुळे झाली, मग नळी का ठेवली?

प्रश्न : सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे, त्यासाठी उजव्या दंडात पिक लाइन (दंडाच्या शिरेतून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) घातलीय. तिसऱ्या केमोनंतर तो हात सुजला, बांगड्या रुतायला लागल्या. डॉप्लरमध्ये (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी नळी तशीच ठेवून पोटात रोज दोन इंजेक्शनं सुरू केली. नळीमुळेच गुठळी झाली, तर ती काढत का नाहीत? तेल लावून हात चोळला तर चालेल का?
— एक सून, संगमनेर

उत्तर : ताई, चोळू अजिबात नका. आणि बांगड्या आजच उतरवा. निघत नसतील तर सोनाराकडून कापून घ्या, जीव अडकला असला तरी.

नळीबद्दलची शंका रास्त आहे. कॅन्सरमध्ये रक्त मुळातच लवकर गोठतं, केमोने त्यात भर पडते, आणि नळी शिरेतली जागा अडवून आतल्या अस्तराला घासत राहते. पण नळी काढली म्हणून झालेली गुठळी जात नाही. उलट पुढच्या केमोला दुसऱ्या शिरेत नवी नळी घालावी लागते आणि तिथेही हाच धोका. सासूबाईंच्या बाबतीत तर कॅन्सर डाव्या स्तनाचा, म्हणून नळीसाठी डावा हात शक्यतो वापरायचा नाही. म्हणून नळीचं टोक जागेवर आहे, औषध सुरळीत जातंय, जंतुसंसर्ग नाही, तोवर ती ठेवूनच उपचार करतात. थंडी वाजून ताप आला, नळी बंद पडली किंवा इंजेक्शनं चालू असूनही सूज वाढली, तर मात्र ती काढण्याचा विचार होतो.

ही इंजेक्शनं बहुधा एनॉक्सापॅरिनची असतील. ती गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर सावकाश करतं. त्यामुळे सूज आठवड्यात उतरली तरी उपचार किमान ३ महिने, आणि नळी आत असेपर्यंत चालतो. मध्येच इंजेक्शनं सोडलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगते, स्वतःहून बंद करू नका. डोस वजनावर ठरतो, तेव्हा वजन उतरलं तर डॉक्टरांना सांगा. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या तर डोस कमी करावा किंवा थांबवावा लागतो. प्रत्येक सीबीसीचा (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट दाखवा. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो. इंजेक्शनांऐवजी गोळ्या चालतील का, हे जरूर विचारा; काहींना चालतात.

दंडावर पेनने खूण करून रोज त्याच जागी शिवणाच्या टेपने घेर मोजा, वहीत लिहा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा शौच काळी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.