मोठ्या माणसावर शिस्तीची कारवाई : नव्या पंचासाठी
चर्चच्या पंच कमिटीवर नवीन आलात आणि पहिलंच प्रकरण बड्या देणगीदार ट्रस्टीचं? आधी ठरवा, पाप खाजगी की जगजाहीर. खाजगी असेल तर बायबलमधलं मत्तय १८:१५-१७ धरून चला: आधी एकांतात भेट, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांपुढे. मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यावरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊच नका, पण शाबीत झाला तर सगळ्यांदेखत दोष दाखवा. १ तीमथ्य ५:१९-२० दोन्ही सांगतं. घोडं अडतं ते दुसऱ्यावर. 'तब्येतीमुळे रजा' असं जाहीर होतं आणि उपासनेनंतर चहाच्या कपाबरोबर खरी गोष्ट आवारभर फिरते.

इतिवृत्तात आरोप, तारीख, त्या ट्रस्टींचं म्हणणं, ठराव असं सगळं लिहा. त्यांचे नातलग पंच मतदानाला नकोत, मग कुणी कितीही रुसो. प्रभुभोजनाची (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) बंदी वेगळी, ट्रस्टीपद वेगळं. पद गेलं तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची नोंद. मुलावर लैंगिक अत्याचार असेल तर या पायऱ्या बाजूला, आधी पोलीस. पॉक्सो कायद्यात न कळवणं हाही गुन्हा आहे.

पश्चात्ताप खरा दिसला तर २ करिंथ २:६-८ प्रमाणे जवळ घ्या. मात्र दानपेटीच्या किल्ल्या इतक्यात नकोत.